संशोधन निधीतील कपात आणि अभ्यासकांचे परदेशगमन : ब्रिटन, रशिया व अमेरिका यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

संशोधन हे अनेक वर्षे चालणारे काम आहे. त्यासाठी लागणारा पैसा मात्र बहुतेक देशांत दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून येतो. सरकारचे धोरण बदलले की हा पैसा एका निर्णयासरशी कमी होऊ शकतो. परंतु पाच-सहा वर्षांसाठी आखलेला प्रयोग, त्यासाठी घडविलेली माणसे आणि जमविलेली सामग्री एका निर्णयासरशी थांबवून पुन्हा हवी तेव्हा सुरू करता येत नाही. या विसंगतीतून ज्या समस्या उद्भवतात, त्यांपैकी एक महत्त्वाची समस्या म्हणजे अभ्यासकांचे परदेशगमन होय.

भारतीय वाचकाला 'ब्रेन ड्रेन' हा शब्द नवा नाही. गरीब देशातील हुशार माणसे श्रीमंत देशात जातात, असा त्याचा आपल्याकडील रूढ अर्थ आहे. प्रत्यक्षात हा शब्द रूढ झाला तो ब्रिटनसारख्या प्रगत देशाच्या चिंतेतून. १९६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या शास्त्रज्ञांविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला आणि त्या सुमारास हा शब्द वृत्तपत्रांतून सर्वतोमुखी झाला. हे शास्त्रज्ञ प्रामुख्याने अमेरिकेला जात होते. पुढे २०२५ मध्ये खुद्द अमेरिकेतील अभ्यासक देश सोडण्याच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा या प्रश्नाची दिशा उलटली. म्हणजेच हा प्रश्न केवळ गरिबी-श्रीमंतीचा नाही. ज्या देशात संशोधनाचा आधार डळमळतो, तेथून अभ्यासक निघतात, मग तो देश कितीही संपन्न असो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. संशोधन निधीतील कपात आणि अभ्यासकांचे स्थलांतर यांतील संबंध स्पष्ट करणे.
२. ब्रिटन (१९८० चे दशक), रशिया (१९९० चे दशक) आणि अमेरिका (२०२५) या तीन प्रसंगांचा तुलनात्मक विचार करणे.
३. अशा कपातीचा भार नेमका कोणत्या गटावर पडतो, याचा शोध घेणे.
४. भारताच्या दृष्टीने या अनुभवाचा अर्थ सांगणे.

पद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय घोषणा, संस्थांची निवेदने, प्रसिद्ध अभ्यास व वृत्ते या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

ओढ आणि रेटा :

अभ्यासक देशांतर करतो त्यामागे दोन प्रकारच्या शक्ती असतात. बाहेरच्या देशातील उत्तम प्रयोगशाळा, चांगला गुरू, अधिक वेतन ही 'ओढ' होय. स्वदेशात जागा नसणे, अनुदान बंद होणे, उपकरणे न मिळणे हा 'रेटा' होय. वरवर पाहता दोहोंचा परिणाम एकच, म्हणजे माणूस जातो. परंतु दीर्घकालीन परिणामांत मोठा फरक आहे. ओढीने गेलेला अभ्यासक परत येऊ शकतो, कारण त्याची मूळ संस्था जागेवर असते. रेट्याने गेलेल्या अभ्यासकाला मात्र परतण्यासाठी जागाच उरलेली नसते.

डॉ. हरगोविंद खुराना यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे पीएच.डी. आणि त्यानंतर झुरिच येथे संशोधन करून ते १९४९ मध्ये भारतात परतले. त्यांना येथे योग्य काम मिळू शकले नाही आणि ते पुन्हा इंग्लंडला गेले. १९६८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते अमेरिकेत होते. खुराना परत आलेच नाहीत असे नाही. ते परत आले होते, पण त्यांना सामावून घेणारी जागा तेव्हा नव्हती.

याउलट केवळ वेतनासाठी अभ्यासक देश बदलतात, हा समजही पूर्णपणे खरा नाही. तमिळनाडूतील चिदंबरम येथे जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले डॉ. वेंकटरामन रामकृष्णन १९९९ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठ सोडून केंब्रिज येथील रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत गेले. तेथील वेतन कमी होते. परंतु रायबोसोमच्या रचनेसारख्या जोखमीच्या विषयावर दीर्घकाळ काम करण्याची हमी तेथे होती. २००९ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाने हा निर्णय सार्थ ठरविला. अभ्यासकाला सर्वांत अधिक मोलाची वाटते ती स्थैर्याची हमी, हे यावरून स्पष्ट होते. आणि निधीतील कपात सर्वप्रथम याच हमीवर घाव घालते.

ब्रिटन : १९८१ नंतरचे दशक :

ब्रिटनमध्ये विद्यापीठांना सरकारी पैसा देण्याचे काम १९१९ मध्ये स्थापन झालेली विद्यापीठ अनुदान समिती करीत असे. आपल्याकडील विद्यापीठ अनुदान आयोगाची कल्पनाही त्याच नमुन्यावरून घेतलेली आहे. जुलै १९८१ मध्ये या समितीने विद्यापीठांना पत्रे पाठवून अनुदानातील कपात कळविली. ही कपात सर्वत्र सारखी नव्हती. सॅल्फर्ड विद्यापीठाच्या वाट्याला सुमारे ४४ टक्के कपात आली. ब्रॅडफर्ड आणि अॅस्टन या विद्यापीठांनाही मोठी झळ बसली.

येथे एक तांत्रिक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. त्या काळी ब्रिटिश प्राध्यापकांच्या नेमणुका कायम स्वरूपाच्या असल्याने त्यांना कामावरून कमी करणे कठीण होते. त्यामुळे विद्यापीठांनी दोन मार्ग अवलंबिले. ज्येष्ठांना मुदतपूर्व निवृत्ती दिली आणि रिक्त जागा भरल्या नाहीत. परिणामी, नुकतीच पीएच.डी. झालेल्या पिढीसाठी दरवाजेच बंद झाले. ज्यांनी कोणतीही चूक केली नव्हती आणि ज्यांची कोणतीही नेमणूक रद्द झाली नव्हती, त्या तरुणांवर कपातीचा सर्वाधिक भार पडला. हा धोका सरकारच्याही ध्यानात आला आणि १९८३ पासून तरुण अध्यापकांसाठी 'नवे रक्त' या नावाने खास जागा निर्माण कराव्या लागल्या. एका हाताने बंद केलेले दार दुसऱ्या हाताने किंचित उघडण्याचाच हा प्रकार होता. १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने नव्या नेमणुकांना असलेले कायमपणाचे संरक्षणही काढून घेतले.

या धोरणाविरुद्ध विद्याक्षेत्रात तीव्र प्रतिक्रिया उमटली. पंतप्रधान मार्गारेट थॅचर या स्वतः ऑक्सफर्डच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. तरीही २९ जानेवारी १९८५ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देण्याचा प्रस्ताव ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला. जानेवारी १९८६ मध्ये सुमारे १,५०० शास्त्रज्ञांनी वर्गणी काढून 'द टाइम्स' या दैनिकात ब्रिटिश विज्ञान वाचविण्याचे आवाहन करणारी जाहिरात दिली. त्यातूनच 'सेव्ह ब्रिटिश सायन्स' ही संघटना उभी राहिली.

या काळात देश सोडलेल्यांविषयी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. २०१६ चे भौतिकशास्त्रातील नोबेल पारितोषिक डेव्हिड थाउलेस, डंकन हॉल्डेन आणि मायकेल कोस्टरलिट्झ यांना विभागून मिळाले. तिघेही ब्रिटनमध्ये जन्मलेले. पारितोषिक मिळाले तेव्हा तिघेही अमेरिकेतील विद्यापीठांशी संबंधित होते आणि तिघेही १९८० च्या आसपास अमेरिकेत गेलेले होते. प्रत्येकाच्या जाण्याची कारणे वेगवेगळी असू शकतात आणि सारे श्रेय अथवा दोष कपातीला देणे योग्य होणार नाही. शिवाय थाउलेस व कोस्टरलिट्झ यांच्या कामाचा पाया १९७० च्या दशकाच्या आरंभी बर्मिंगहॅम येथेच घातला गेला होता. तथापि, त्यानंतरची तीन-चार दशके त्यांनी ज्या विद्यार्थ्यांना घडविले ते अमेरिकेतील विद्यार्थी होते. पारितोषिकाची बातमी एक दिवसाची असते. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांचा तोटा मात्र कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

रशिया : १९९१ नंतरचे दशक :

सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर तेथील संशोधन संस्थांवर आलेले संकट अधिक भीषण होते. येथे निधीत केवळ कपात झाली असे नव्हे, तर पैशाचे मूल्यच नष्ट झाले. १९९२ या एका वर्षात रशियातील किमती सुमारे २६ पटींनी वाढल्या. वेतन अपुरे पडू लागले आणि तेही वेळेवर मिळेना. परदेशी नियतकालिके येणे थांबले, प्रयोगशाळांतील रसायने संपली.

या परिस्थितीत अमेरिकन उद्योगपती जॉर्ज सोरोस यांनी डिसेंबर १९९२ मध्ये १० कोटी डॉलर देऊन आंतरराष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान स्थापन केले. या प्रतिष्ठानाने आरंभी हजारो शास्त्रज्ञांना प्रत्येकी ५०० डॉलरचे तातडीचे अनुदान दिले. ५०० डॉलर ही रक्कम पाश्चात्त्य देशांत क्षुल्लक होती. परंतु तत्कालीन रशियात तेवढ्यावर एका शास्त्रज्ञाचे घर बरेच महिने चालू शकत होते. एका महासत्तेच्या विज्ञानाला परदेशी दानशूराच्या मदतीवर तग धरावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. अण्वस्त्रे व क्षेपणास्त्रे यांवर काम केलेले शास्त्रज्ञ इतरत्र जाऊ नयेत म्हणून अमेरिका, युरोप, जपान व रशिया यांनी मिळून मॉस्को येथे एक आंतरराष्ट्रीय विज्ञान-तंत्रज्ञान केंद्रही उभारले. दुसरीकडे, अमेरिकेने १९९२ मध्ये खास कायदा करून माजी सोव्हिएत संघातील ७५० पर्यंत शास्त्रज्ञांना स्थायिक होण्याची वाट मोकळी करून दिली. एक हात शास्त्रज्ञांना तेथेच थांबविण्यासाठी पैसे देत होता आणि दुसरा हात त्यांना बोलावीत होता.

या स्थलांतरात केवळ व्यक्तीच नव्हे तर परंपराही स्थलांतरित झाल्या. गणितज्ञ इस्राएल गेल्फांद यांचे मॉस्कोतील चर्चासत्र १९४३ पासून चालू होते. दर आठवड्याला भरणाऱ्या या चर्चासत्रात गणितज्ञांच्या अनेक पिढ्या घडल्या. १९८९ मध्ये गेल्फांद अमेरिकेला गेले आणि पुढे रटगर्स विद्यापीठात त्यांनी ते चर्चासत्र चालू ठेवले. ज्याला आपण घराणे म्हणतो त्याची बैठक मोडून ती परदेशी मांडली गेली, असेच याचे वर्णन करता येईल. मात्र सारेच गेले नाहीत. १९९१ मध्ये मॉस्कोतील गणितज्ञांनी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन करून अध्यापन चालू ठेवले, हेही नोंदविले पाहिजे.

तरुणांच्या बाबतीत आंद्रे गाइम व कॉन्स्तान्तिन नोवोसेलॉव्ह यांचे उदाहरण सुपरिचित आहे. गाइम १९९० मध्ये रशियाबाहेर पडले. नोवोसेलॉव्ह १९९९ मध्ये नेदरलँड्समधील नाइमेखेन येथे त्यांचे विद्यार्थी म्हणून गेले. २००१ मध्ये दोघे मँचेस्टरला आले. २००४ मध्ये त्यांनी ग्राफीनविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले आणि २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याच सुमारास ब्रिटनने आपले धोरण बदलले होते. १९९८ मध्ये सरकार व वेलकम ट्रस्ट यांनी मिळून विद्यापीठांतील प्रयोगशाळांच्या नूतनीकरणासाठी सुमारे ७५ कोटी पौंडांचा निधी उभारला होता. ज्या ब्रिटनमधून एके काळी शास्त्रज्ञ जात होते, तोच ब्रिटन आता इतरांना सामावून घेत होता.

स्थलांतराचा फायदा यजमान देशातील सर्वांनाच होतो असेही नाही. जॉर्ज बोर्जास व कर्क डोरान या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सोव्हिएत गणितज्ञ ज्या उपविषयांत प्रबळ होते, त्याच उपविषयांत काम करणाऱ्या अमेरिकन गणितज्ञांचे प्रकाशित लेखन या स्थलांतरानंतर घटले. कारण उघड आहे. गणितज्ञ वाढले, परंतु विद्यापीठांतील जागा तेवढ्याच राहिल्या. जागा न वाढविता केवळ माणसे आणल्यास एकाचे स्थैर्य दुसऱ्याचे अस्थैर्य ठरते.

अमेरिका : २०२५ :

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने संशोधनाचा जो आराखडा स्वीकारला त्याचे मूळ व्हॅनिव्हर बुश यांच्या १९४५ च्या अहवालात आहे. मूलभूत संशोधनाला सरकारने पैसा द्यावा आणि ते काम विद्यापीठांनी करावे, असे त्याचे सूत्र होते. १९५० मध्ये राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान (एनएसएफ) स्थापन झाले. वैद्यकीय संशोधनाचा मुख्य भार राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) उचलला. तिचे वार्षिक अंदाजपत्रक सुमारे ४८ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचले.

या व्यवस्थेची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय कपातीचा परिणाम कळणार नाही. अमेरिकेत प्राध्यापक प्रकल्पाचा प्रस्ताव लिहितो. तो मंजूर झाला की चार-पाच वर्षांचे अनुदान मिळते. त्यातूनच संशोधक विद्यार्थ्यांची वृत्ती, पोस्ट-डॉक्टरल संशोधकांचे वेतन आणि तंत्रज्ञांचे पगार दिले जातात. म्हणजे विद्यापीठाच्या इमारतीत काम करणाऱ्या अनेकांचा पगार विद्यापीठाच्या तिजोरीतून येत नाही. याखेरीज वीज, इमारतीची देखभाल, प्रयोगासाठीच्या प्राण्यांची व्यवस्था, घातक कचऱ्याची विल्हेवाट, हिशेबनीस यांसाठी अनुदानाच्या काही टक्के रक्कम वेगळी मिळते. तिला 'अप्रत्यक्ष खर्च' म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनआयएचने हा खर्च सरसकट १५ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. तोपर्यंत त्याचे सरासरी प्रमाण २७-२८ टक्के होते आणि मोठ्या संस्थांत ते ५० टक्क्यांहूनही अधिक असे. न्यायालयाने हा निर्णय रोखला. पण विद्यापीठांनी सावधगिरी म्हणून नव्या भरतीला लगाम घातला.

त्यानंतर घटना वेगाने घडल्या. मार्च २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने व कंत्राटे रद्द करण्यात आली. विविध विषयांवरील अनेक चालू प्रकल्प मध्येच थांबविण्यात आले. त्यांपैकी सुमारे ७८ कोटी ३० लाख डॉलरच्या एनआयएच अनुदानांविषयीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी न्यायालयाने ती रद्द ठेवण्याची तात्पुरती मुभा सरकारला दिली. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची अनुदाने स्थगित झाली. फील्ड्स पदकाचे मानकरी, मूळचे ऑस्ट्रेलियातील गणितज्ञ टेरेन्स टाओ यांचे अनुदानही त्यात होते. पुढे न्यायालयाच्या आदेशाने अनेक अनुदाने पूर्ववत झाली, परंतु कितीही मोठे नाव सुरक्षित नाही हा संदेश जायचा तो गेला.

तरुणांवरील परिणाम अधिक थेट होता. एनएसएफच्या पदवीधर संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी दरवर्षी साधारण २,००० जणांची निवड होत असे. एप्रिल २०२५ मध्ये आरंभी १,००० जणांचीच झाली आणि नंतर ५०० नावे वाढविण्यात आली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या चॅन वैद्यकीय महाविद्यालयाने पीएच.डी.साठी दिलेले प्रवेश मागे घेतले. मे-जून २०२५ मध्ये २०२६ या आर्थिक वर्षासाठी एनआयएचच्या निधीत सुमारे ४० टक्के आणि एनएसएफच्या निधीत सुमारे ५७ टक्के कपात सुचविण्यात आली. २०२६ च्या आरंभी अमेरिकी काँग्रेसने ही कपात बहुतांशी नाकारली. याचा अर्थ प्रश्न सुटला असा नव्हे. मंजूर रकमेचा आकडा टिकला तरी ती रक्कम कोणाला, केव्हा आणि किती काळ मिळेल याविषयीचा विश्वास टिकला नाही, आणि संशोधन चालते ते या विश्वासावर.

मार्च २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने घेतलेल्या पाहणीत उत्तर देणाऱ्या १,६०० हून अधिक जणांपैकी ७५ टक्के जणांनी देश सोडण्याचा विचार करीत असल्याचे सांगितले. या आकड्याचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. ही वाचकांनी स्वेच्छेने दिलेली उत्तरे होती. ज्यांना अस्वस्थता वाटत होती त्यांनीच अधिक प्रमाणात उत्तरे दिली असणार. तसेच विचार करणे, अर्ज करणे आणि प्रत्यक्ष जाणे या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत. याच नियतकालिकाच्या नोकरीविषयक संकेतस्थळावर २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी परदेशी नोकऱ्यांसाठी केलेले अर्ज आधीच्या वर्षाच्या तुलनेत ३२ टक्क्यांनी वाढले. ही वाढ लक्षणीय आहे. पण तीही दुसऱ्याच पायरीची आहे.

यजमान देशांची मर्यादा :

अमेरिकेतील परिस्थिती पाहून अनेक देशांनी दारे उघडली. फ्रान्समधील एक्स-मार्सेय विद्यापीठाने मार्च २०२५ मध्ये 'विज्ञानासाठी सुरक्षित जागा' ही योजना जाहीर केली. तीन वर्षांसाठी १.५ कोटी युरो आणि आरंभी १५ संशोधक असे तिचे स्वरूप होते. सुमारे ३०० अर्ज आले आणि जूनअखेर पहिले संशोधक दाखल झाले. ५ मे २०२५ रोजी पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात युरोपीय आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांनी २०२५ ते २०२७ या काळासाठी ५० कोटी युरोंची घोषणा केली. फ्रान्सने त्यात आणखी १० कोटी युरोंची भर घातली. ब्रिटनने ५ कोटी ४० लाख पौंडांचा निधी जाहीर केला. कॅनडाने वर्षअखेर बारा वर्षांसाठी १.७ अब्ज कॅनेडियन डॉलरची योजना मांडली.

हे आकडे आकर्षक वाटले तरी त्यांची तुलना करून पाहणे आवश्यक आहे. युरोपचे ५० कोटी युरो तीन वर्षांसाठी होते; केवळ एनएसएफच्या निधीत सुचविलेली एका वर्षाची कपात सुमारे पाच अब्ज डॉलर होती. अमेरिकेतील विस्थापित अभ्यासकांपैकी फारच थोड्यांना युरोप सामावून घेऊ शकेल, हे यावरून उघड होते. तसेच यजमान देशांचे स्वतःचे घरही सुस्थितीत नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च शिक्षण व संशोधनावरील खर्चात सुमारे ९० कोटी युरोंची कपात केली होती. नेदरलँड्समध्येही विद्यापीठांच्या निधीला कात्री लागली. स्वतःच्या तरुण संशोधकांना वर्षानुवर्षे तात्पुरत्या नेमणुकांवर ठेवणाऱ्या संस्थांनी पाहुण्यांसाठी खास निधी काढला, तर नाराजी निर्माण होणे स्वाभाविक आहे. सोव्हिएत गणितज्ञांच्या उदाहरणातून हाच धडा मिळालेला होता.

कोण जाते, कोण राहते :

स्थलांतराची क्षमता सर्वांना सारखी नसते. तात्त्विक गणित किंवा तत्त्वज्ञान यांचा अभ्यासक पुस्तके घेऊन निघू शकतो. प्रयोगशील शास्त्रज्ञाला उपकरणे, प्राणी, तंत्रज्ञ हे सारे मागे ठेवावे लागते. वैद्यकीय संशोधकाने दहा वर्षे ज्या रुग्णांचा पाठपुरावा केला ते रुग्ण त्याच्याबरोबर येत नाहीत. पर्जन्यमान, वने, नद्या यांच्या दीर्घकालीन नोंदी ठेवणाऱ्याचे काम तर त्या भूमीशीच बांधलेले असते.

ज्येष्ठ प्राध्यापकाला बोलावणे येते, परंतु त्याचे घर, कुटुंब व विद्यार्थी त्याला बांधून ठेवतात. पीएच.डी. अर्धवट असलेल्या विद्यार्थ्याला कोणी बोलावीत नाही. पोस्ट-डॉक्टरल संशोधक मात्र जाण्यास मोकळा असतो आणि राहण्यास असमर्थ असतो. म्हणून सर्वाधिक हालचाल या गटात होते. या गटातही सर्वच जण सीमा ओलांडत नाहीत. बरेच जण संशोधन सोडून बँक, संगणक किंवा व्यापार क्षेत्रात जातात. रशियात बाहेर गेलेल्यांपेक्षा असे देशातच राहून विज्ञान सोडलेले लोक अधिक होते. विमानतळावर त्यांची नोंद होत नाही, त्यामुळे स्थलांतराच्या आकडेवारीत हे नुकसान कधीच उमटत नाही.

भारताच्या दृष्टीने विचार :

अमेरिकेतील प्रयोगशाळा मोठ्या प्रमाणावर परदेशी तरुणांच्या श्रमावर चालतात. २०२१ मध्ये तेथील विज्ञान व अभियांत्रिकी क्षेत्रांत काम करणाऱ्या पीएच.डी.धारकांपैकी सुमारे ४३ टक्के लोक अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. २०२४-२५ मध्ये अमेरिकेत ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि त्यांची संख्या इतर कोणत्याही देशातील विद्यार्थ्यांपेक्षा अधिक होती. त्यात महाराष्ट्रातून गेलेले विद्यार्थीही आहेत. अनुदान बंद झाल्यास अमेरिकन नागरिक असलेला संशोधक बेकार होतो. भारतीय संशोधकाची मात्र नोकरीबरोबर तेथे राहण्याची परवानगीही धोक्यात येते. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील उमेदवारांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावल्याने भारतातून थेट नेमणूक करणे विद्यापीठांना आणखी अवघड झाले.

अशा अभ्यासकांना परत आणण्याची ही संधी आहे, असे सहज म्हटले जाते. भारताला याचा पूर्वानुभवही आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्येच परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी 'पूल' योजना सुरू केली होती. पुढे रामानुजन व रामलिंगस्वामी यांच्या नावाने अधिछात्रवृत्ती सुरू झाल्या. डॉ. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका उभी केली. एक अभ्यासक परत आल्याने अनेक विद्यापीठांतील अध्यापक व विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची सोय कशी निर्माण होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे. खुराना आणि नारळीकर या दोन उदाहरणांतील फरक देशप्रेमाचा नसून संस्थेच्या उपलब्धतेचा आहे.

तथापि, भारताचा संशोधन-विकासावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. अमेरिकेत हेच प्रमाण तीन टक्क्यांहून अधिक आहे. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, ही स्वागतार्ह बाब आहे. परंतु महाविद्यालयांतील रिक्त जागा, तासिका तत्त्वावरील नेमणुका आणि वेळेवर न मिळणारी अधिछात्रवृत्ती ही येथील परिस्थिती आहे. महाराष्ट्रातील संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्तीसाठी आंदोलने करावी लागली आहेत. अमेरिकेतील अभ्यासक अस्थैर्याला कंटाळून परतणार असेल, तर त्याला येथे दुसऱ्या प्रकारचे अस्थैर्य देऊन भागणार नाही.

निष्कर्ष :

१. अभ्यासकांचे परदेशगमन हा केवळ गरीब देशांचा प्रश्न नसून संशोधनाचा आधार अस्थिर होणाऱ्या कोणत्याही देशाचा प्रश्न आहे.
२. कपातीच्या रकमेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परिणाम अनिश्चिततेचा होतो. न्यायालय वा संसद यांनी निर्णय फिरविला तरी गमावलेला विश्वास लगेच परत येत नाही.
३. कपातीचा सर्वाधिक भार कायम नेमणूक नसलेल्या तरुण संशोधकांवर पडतो.
४. प्रत्यक्ष देशांतर करणाऱ्यांपेक्षा संशोधनच सोडणाऱ्यांची हानी मोठी असू शकते. परंतु तिची नोंद होत नाही.
५. यजमान देशाने नव्या जागा निर्माण न करता बाहेरचे अभ्यासक आणल्यास तेथील तरुणांवर अन्याय होतो.
६. परतणाऱ्या अभ्यासकासाठी सवलतींपेक्षा स्थिर संस्था अधिक महत्त्वाची असते.

समारोप :

निधी कापणाऱ्या सरकारला त्याचा परिणाम पाहावा लागत नाही, ही या प्रश्नाची खरी अडचण आहे. बचत त्याच वर्षी अंदाजपत्रकात दिसते. हानी वीस-तीस वर्षांनी, तीही दुसऱ्या देशाच्या खात्यावर दिसते. ब्रिटनला झालेली चूक सुधारण्यास सुमारे दीड दशक लागले. रशियातून बाहेर पडलेली चर्चासत्रे व प्रयोगशाळा पूर्वीसारख्या परतल्या नाहीत. अमेरिकेतील घडामोडींचा अंतिम परिणाम सांगण्यास अजून अवकाश आहे. मात्र या तिन्ही अनुभवांतून भारताने एवढा बोध निश्चित घ्यावा की, बाहेरून येणाऱ्या विद्वानांसाठी दार उघडण्यापूर्वी घरातील संशोधक विद्यार्थ्याची अधिछात्रवृत्ती वेळेवर पोहोचेल आणि पीएच.डी.नंतर त्याला सन्मानाची नेमणूक मिळेल, अशी व्यवस्था केली पाहिजे. जो देश आपल्या तरुण अभ्यासकांना टिकवितो, त्यालाच परत येणाऱ्यांचेही नीट स्वागत करता येते.